उत्क्रांती कशी घडते: कोल्हापुरातील नवख्या वाचकासाठी पायरीपायरीने

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 2 या पुस्तकातील पहिल्याच पाठाचे नाव 'आनुवंशिकता व उत्क्रांती' असे आहे, त्यामुळे हा शब्द कानावरून गेला नाही असा शिकलेला माणूस आपल्या जिल्ह्यात विरळाच. तरीही उत्क्रांती म्हणजे काय असे विचारले, की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे वाकलेल्या माकडापासून ताठ उभ्या माणसापर्यंतची ती परिचित रांग उभी राहते. ही रांग मनातून पुसून टाकल्याशिवाय पुढे काहीही नीट समजत नाही. आपल्या भाषेतील शब्दानेही थोडा घोटाळा केला आहे, कारण 'उत्' या उपसर्गातच वर जाण्याचा अर्थ आहे आणि त्यामुळे उत्क्रांती म्हणजे खालच्या जिवाने वरच्या पायरीवर चढणे असा समज नकळत पक्का होतो. प्रत्यक्षात या प्रक्रियेत वर आणि खाली असे काही नसते.

एक वही घ्या आणि तिच्या पहिल्या पानावर एवढेच लिहा: एखाद्या जीवसमूहातील आनुवंशिक गुणांचे प्रमाण पिढ्यांगणिक बदलत जाणे म्हणजे उत्क्रांती. या वाक्यातील 'समूह', 'आनुवंशिक', 'प्रमाण' आणि 'पिढ्या' हे चार शब्द अधोरेखित करा. एकटा जीव आयुष्यात कितीही बदलला तरी ती उत्क्रांती होत नाही. बदलते ते समूहातील प्रमाण. पुढच्या सगळ्या पायऱ्या हे एक वाक्य हाताळून पाहण्यासाठीच आहेत.

पहिली पायरी: फरक पाहायला शिकणे

गंगावेशीसारख्या दूध कट्ट्यावर, जिथे गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढून दूध दिले जाते, तिथे एका संध्याकाळी दूध पिऊन झाल्यावर अर्धा तास थांबा. पंढरपुरी म्हैस तिच्या लांब, मागे वळत खांद्यापलीकडे जाणाऱ्या तलवारीसारख्या शिंगांवरून लगेच ओळखू येते, पण ओळख पटली म्हणून पाहणे थांबवू नका. दहा म्हशी शेजारी शेजारी उभ्या असल्या तर प्रत्येकीच्या शिंगांची लांबी, बाक आणि ठेवण वेगळी आहे हे दिसेल, आणि धार काढणाऱ्याला विचारलेत तर दुधाचा, स्वभावाचा व आटण्याचा फरक तो न अडखळता सांगेल. आपल्याला लांबून सगळ्या म्हशी सारख्या वाटतात, गवळ्याला वाटत नाहीत. उत्क्रांतीचा अभ्यास म्हणजे आधी गवळ्याची नजर मिळवणे, असे माझे मत आहे. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारा चार्ल्स डार्विन यानेही हेच केले. त्याने स्वतः कबुतरे पाळली, पैदास करणाऱ्यांच्या संगतीत बसला आणि एकाच जातीच्या पाखरांमधील बारीक फरक मोजले.

गवळी कोणत्या म्हशीच्या पोटचा रेडा पैदाशीसाठी ठेवायचा हे ठरवतो आणि बाकीचे रेडे ठेवत नाही. अनेक पिढ्या ही निवड चालू राहिली की त्या भागातील जनावरांचा तोंडवळाच बदलतो. याला कृत्रिम निवड म्हणतात. निवडणारा माणूस नसेल तर निवड कोण करील, या प्रश्नाचे उत्तर चौथ्या पायरीवर मिळेल.

दुसरी पायरी: कोणता फरक वारशाने जातो हे ओळखणे

दिसलेला प्रत्येक फरक उत्क्रांतीच्या कामाचा नसतो. आपल्या शहरात याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. तालमीत वर्षानुवर्षे मेहनत केलेल्या मल्लाचे कान चेपलेले असतात, मान जाड झालेली असते, दंड भरलेले असतात. त्याच्या मुलाचे कान मात्र जन्मताना इतर कोणाही मुलासारखेच असतात. खासबाग मैदान 1912 साली बांधून झाले. त्यानंतरच्या सगळ्या पिढ्यांत कोल्हापुरात कुस्ती खेळली गेली आहे, तरी चेपलेल्या कानांचे मूल कोणत्याही मल्लाच्या घरी जन्मले नाही. कमावलेले शरीर पुढे जात नाही. पुढे जाते ते जनुकांतून आलेले. उंची, हाडांची ठेवण, स्नायू किती लवकर भरतात याचा कल, यांत जनुकांचा वाटा असतो आणि तेवढाच भाग मुलाकडे जाऊ शकतो. जिराफाने मान ताणली म्हणून पिल्लांची मान लांब झाली, हे स्पष्टीकरण याच कारणाने टिकत नाही.

जनुके म्हणजे पेशीतील डीएनए या लांब रेणूवर लिहिलेला मजकूर, असे तूर्त समजा. पिढी बदलताना या मजकुराची नक्कल होते आणि नकलेत चुका राहतात. जुन्या पोथ्या हाताने उतरवून काढणाऱ्यांच्या हातून जसे पाठभेद निर्माण होत, तसेच हे आहे. माणसाच्या प्रत्येक नव्या अपत्यात आईवडिलांपैकी कोणाकडेही नसलेले साधारण 60 ते 70 बदल असतात. त्यांतील बहुतेक बदलांचा काहीच परिणाम होत नाही, काही अपायकारक ठरतात, तर क्वचित एखादा त्या परिस्थितीत उपयोगी पडतो. या बदलांना उत्परिवर्तन म्हणतात. येथे एक गोष्ट घट्ट धरून ठेवा: जिवाला गरज आहे म्हणून हवे ते उत्परिवर्तन घडून येत नाही. ते गरजेकडे न पाहता घडते. उपयोगी ठरले की नाही हे नंतर कळते.

वारसा ठरावीक नियमांनी चालतो हे ग्रेगोर मेंडेल याने वाटाण्यांवरील प्रयोगांतून दाखवले आणि 1866 साली प्रसिद्ध केले, पण त्याच्या कामाकडे 1900 पर्यंत जवळजवळ कोणाचेच लक्ष गेले नाही. डार्विनला आपल्या सिद्धांतातील वारशाचा हा दुवा अखेरपर्यंत मिळाला नाही.

तिसरी पायरी: जन्मतात किती आणि उरतात किती

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर गावाबाहेरच्या डबक्यापाशी जा. बेडकाची एक मादी काही हजार अंडी घालू शकते. आपण हिशेबासाठी 2000 धरू. वर्षानुवर्षे त्या परिसरातील बेडकांची संख्या साधारण तेवढीच राहत असेल, तर त्याचा अर्थ त्या 2000 पैकी सरासरीने दोनच पिल्ले मोठी होऊन स्वतः वीण घालतात. उरलेली 1998 डबके आटल्यामुळे, बगळ्याच्या, सापाच्या किंवा माशाच्या तोंडी पडल्यामुळे, अथवा रोगाने संपतात. हा आकडा वहीत लिहा आणि त्यावर जरा विचार करा, कारण डार्विनला 1838 साली आणि आल्फ्रेड रसेल वॉलेस या दुसऱ्या निसर्ग अभ्यासकाला पुढे स्वतंत्रपणे सुचलेली नैसर्गिक निवडीची कल्पना, जी पुढच्या पायरीवर येईल, याच हिशेबावर उभी आहे. दोघांचे विचार 1 जुलै 1858 रोजी लंडनमधील लिनियन सोसायटीत एकत्रच वाचले गेले. ती दोन पिल्ले कोणती असतील हे केवळ नशिबावर अवलंबून असते का, की काहींच्या अंगच्या फरकामुळे त्यांची शक्यता थोडी वाढते?

चौथी पायरी: घोंगड्यावरचा प्रयोग

हा प्रयोग वाचून सोडू नका, करा. एक काळे घोंगडे अंथरा. पांढऱ्या चवळीचे 50 दाणे आणि साधारण त्याच आकाराचे काळ्या घेवड्याचे 50 दाणे त्यावर विखरा. घरातील एका मुलाला पाखरू करा. त्याने दर वेळी वर पाहून पुन्हा खाली नजर टाकायची आणि पहिला दिसेल तो दाणा उचलायचा. असे 60 दाणे उचलून झाले की थांबा. उरलेल्या 40 दाण्यांत समजा 12 पांढरे आणि 28 काळे आहेत. आता उरलेल्यांची वीण झाली असे माना आणि त्याच प्रमाणात दाणे वाढवून पुन्हा 100 करा, म्हणजे 30 पांढरे व 70 काळे. पुन्हा विखरा, पुन्हा 60 उचला. पाखराची नजर तशीच राहिली तर या वेळी साधारण 6 पांढरे व 34 काळे उरतील, आणि तिसऱ्या पिढीची सुरुवात 15 विरुद्ध 85 अशी होईल. त्यापुढच्या पिढीत पांढरे दाणे शंभरात सात-आठच असतील.

आता नीट पाहा काय घडले आणि काय घडले नाही. एकही पांढरा दाणा काळा झाला नाही. कोणत्याही दाण्याने धडपड केली नाही. पाखराला समूह काळा करायचा नव्हता, त्याला फक्त खायचे होते. तरीही समूहाचा रंग बदलला. याला नैसर्गिक निवड म्हणतात, आणि यात निवड करणारा कोणी कर्ता नसतो. परिस्थिती आणि फरक यांचा तो एकत्रित परिणाम असतो.

मग हाच प्रयोग पांढऱ्या धोतरावर करा. आता काळे दाणे कमी होत जातील. चवळी श्रेष्ठ की घेवडा, या प्रश्नाला काही अर्थ नाही हे त्या क्षणी मुलांनाही पटते. 'बळी तो कान पिळी' हा उत्क्रांतीचा नियम आहे असे अनेक जण मानतात, तेही येथेच निकालात निघते, कारण दाणे बळाने टिकलेच नाहीत. उत्क्रांतीच्या भाषेत लायक म्हणजे बलवान नव्हे. त्या परिस्थितीत ज्याची अपत्ये पुढच्या पिढीत अधिक उरतात तो लायक. लपणारा, कमी खाऊन भागवणारा, रोगाला दाद न देणारा किंवा शेजाऱ्याला मदत करणारा जीवही लायक ठरू शकतो.

अशीच गोष्ट खऱ्या पाखरांतही मोजली गेली आहे. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे दांपत्य 1973 पासून गालापागोस बेटांपैकी डॅफ्ने मेजर या छोट्याशा बेटावर फिंच पाखरांच्या चोची मोजत होते. 1977 साली तेथे कडक दुष्काळ पडला, लहान मऊ बिया संपल्या आणि मोठ्या टणक बिया तेवढ्या राहिल्या; त्यांत आपल्याकडे पायात रुतणाऱ्या सराट्याच्या भावकीतील एका वनस्पतीच्या काटेरी बियाही होत्या. त्या फोडू शकणारी जाड चोचीची पाखरे अधिक टिकली आणि पुढच्या पिढीची सरासरी चोच जाड झाली. पुढे 1983 साली भरपूर पाऊस होऊन लहान बियांचे रान माजले, तेव्हा निवडीचे पारडे लहान चोचीकडे झुकले. दिशा पावसाने बदलली. चोचीला कुठे पोहोचायचे नव्हते.

निवडीशिवाय होणारा बदल

थोडक्यात, पण हा भाग वगळू नका. डोळे मिटून 50-50 दाण्यांतून दहाच दाणे उचला आणि त्यांच्यापासून पुढची पिढी करा. कधी सात काळे येतील, कधी चार. रंगाचा काही फायदा नसतानाही प्रमाण हलले. 2019 आणि 2021 साली पंचगंगेला महापूर आला तेव्हा काठावरची किती तरी मुंग्यांची वारुळे वाहून गेली. जी उंचवट्यावर होती ती राहिली, आणि ती उंचवट्यावर असणे हा बहुधा योगायोग होता. लहान समूहात असा योगायोग मोठा परिणाम करतो. याला जनुकीय विचलन म्हणतात.

उसाच्या फडातील धडा

कोल्हापूरच्या माणसाला फरकाचे मोल समजावून सांगायला उसाइतके चांगले उदाहरण नाही, म्हणून येथे थोडे थांबू या. आपण ऊस बियांपासून लावत नाही. बेण्याची टिपरी लावतो. टिपरीवरच्या डोळ्यातून फुटलेला ऊस हा आधीच्या उसाचीच जवळजवळ हुबेहूब जनुकीय प्रत असतो आणि खोडवा तर त्याच मुळांवर फुटतो. को 86032 या जातीच्या फडात उभे राहिलात तर तुमच्या भोवती हजारो ऊस दिसतात, पण जनुकांच्या दृष्टीने तो जवळजवळ एकच ऊस असतो. एक ऊस बारीक आणि शेजारचा जाड दिसतो तो पाणी, खत आणि उजेड यांमुळे. जाड उसाचे बेणे वेगळे काढून लावले तर रोप जोमदार फुटेल, पण जात सुधारणार नाही. दुसऱ्या पायरीवरील मल्लाचे कान आठवा.

मग नवी जात येते कुठून? त्यासाठी उसाला तुरा यावा लागतो, दोन वेगळ्या उसांचा संकर व्हावा लागतो, त्यातून आलेल्या बियांची हजारो वेगवेगळी रोपे वाढवावी लागतात आणि त्यांतून वर्षानुवर्षे निवड करावी लागते. कोइमतूर येथे 1912 साली ऊस पैदास केंद्र सुरू झाले आणि गोड, जाड उसाचा कांसासारख्या काटक रानटी उसाशी संकर करून तयार झालेली को 205 ही जात 1918 साली शेतकऱ्यांपर्यंत पोहोचली. रानटी उसात साखर नगण्य, पण त्याच्याकडे जो फरक होता तो गोड उसाकडे नव्हता.

जिथे फरक नाही तिथे निवडीला धरायला काही नाही, आणि धोका येथेच आहे. ऊस आहे तिथेच राहतो, पण त्याच्यावरची बुरशी बदलत राहते, कारण तिच्या अगणित बीजाणूंत फरक असतात. उत्तर प्रदेशात को 0238 ही एकच जात फार मोठ्या क्षेत्रावर पसरली. तिच्यावर मात करणारा लाल कुजीच्या बुरशीचा प्रकार वाढला तेव्हा फडच्या फड त्याच रोगाला बळी पडले. आपल्या भागात एकाच जातीखाली किती क्षेत्र ठेवायचे याचा विचार करताना हे उदाहरण शेतकऱ्याने समोर ठेवावे, असे मला कळकळीने वाटते.

कोल्हापूर हा कापसाचा जिल्हा नाही, तरी गुलाबी बोंडअळीची हकिगतही समजून घ्यावी. 2002 साली भारतात बीटी कापसाला, म्हणजे एका जिवाणूचे जनुक घालून बोंडअळीला मारणारे विष स्वतःच तयार करणाऱ्या कापसाला, परवानगी मिळाली, 2006 साली अशी दोन जनुके आणि दोन विषे असलेला बीटी कापूस आला आणि काही वर्षांतच अळीने आधी पहिल्या व नंतर दुसऱ्याही विषाला दाद देणे सोडले. अळी 'शिकली' असे आपण बोलून जातो. खरे म्हणजे विषाने न मरणाऱ्या मोजक्या अळ्या आधीपासून होत्या किंवा उत्परिवर्तनाने निर्माण झाल्या, आणि बाकीच्या मेल्यामुळे पुढची पिढी त्यांचीच झाली. बांधाकडेने बिगरबीटी कापसाच्या ओळी लावा, हा सल्ला याच कारणाने दिला जात होता: तिथे जगलेल्या साध्या पतंगांशी प्रतिकारक पतंगांचा संकर होऊन प्रतिकारशक्ती पसरण्याचा वेग कमी व्हावा. बहुतेक ठिकाणी त्या ओळी लावल्याच गेल्या नाहीत. विषाणूमुळे झालेल्या सर्दीवर प्रतिजैविक गोळ्या घेतल्या, तर शरीरातील जिवाणूंवर हाच प्रयोग आपण विनाकारण करतो.

शेवटच्या पायऱ्या: नवी जाती आणि आपली भावकी

एका समूहाचे दोन भाग झाले, त्यांच्यामध्ये दरी, नदी किंवा कोरडा पट्टा आला आणि त्यांचा आपसांतील संकर थांबला, की दोन्हीकडे वेगवेगळे फरक साचत जातात. पुरेशा पिढ्यांनंतर ते पुन्हा भेटले तरी त्यांची वीण जमत नाही, आणि मग त्या दोन जाती होतात. सह्याद्रीचा कडा अशा विभागणीसाठी जणू घडवलेला आहे. दाजीपूरच्या जंगलातील एका लहान, दिवसा वावरणाऱ्या पालीचे वर्णन 2009 साली नवी जाती म्हणून झाले आणि तिच्या शास्त्रीय नावात कोल्हापूरचे नाव आहे. तिचे अनेक भाऊबंद पश्चिम घाटात ठिकठिकाणी वेगळ्या जाती होऊन राहतात. तसेच आंबोलीचा भेक आणि कोयनेचा भेक हे एकाच प्रजातीतील, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटातील, दोन नातलग आहेत, पण एक आंबोलीच्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट खडकाळ पठारांवर, तर दुसरा कोयनेच्या परिसरात.

याला वेळ किती लागतो याचा अंदाज हवा असेल तर पायाखालचा काळा पत्थर पाहा. दख्खनच्या लाव्हाचे हे थर साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी साचले. सड्यांवरची आजची जीवसृष्टी त्यानंतरची आहे.

आता माणसाकडे येऊ. माणूस आजच्या माकडापासून झालेला नाही. माणूस आणि चिंपांझी यांचे सामाईक पूर्वज साधारण 60 ते 70 लाख वर्षांपूर्वी होते. 'मग माकडे अजून का आहेत?' हा प्रश्न, माझी चुलत भावंडे सांगलीला आहेत तर मी कोल्हापुरात कसा, असे विचारण्यासारखा आहे. पणजोबा एकच, शाखा दोन.

हे नाते ठरते कशावरून? पुन्हा पोथ्यांकडे चला. दोन पोथ्यांत एकाच ओळीत एकच चूक सापडली तर दोन्ही एकाच जुन्या प्रतीवरून उतरवल्या असाव्यात असे अभ्यासक म्हणतो. कुत्र्याचे शरीर जीवनसत्त्व क स्वतः तयार करते. गल्लीतल्या कुत्र्याला आवळा खावा लागत नाही. आपल्याला तो खावा लागतो, कारण ते तयार करणारे आपले एक जनुक मोडलेले आहे. मोडलेल्या स्वरूपात ते आपल्या डीएनएत अजून पडून आहे, आणि तेच जनुक चिंपांझीत आणि सह्याद्रीतील माकड व वानरांतही तसेच मोडलेले आहे. फळे व पाला भरपूर खाणाऱ्या पूर्वजाला त्या मोडतोडीने फारसे नुकसान झाले नसावे, म्हणून ती पुसली गेली नाही आणि सगळ्या वारसांकडे आली.

येथवर आलात, तर वहीचे उरलेले काम सुरू करा. आपल्या गल्लीतील कुत्र्यांची रंगानुसार मोजणी करा: काळी, तांबडी, पांढरी, ठिपक्यांची. कोणती कुत्री व्याली, पिल्ले कोणत्या रंगांची झाली आणि पावसाळा संपेपर्यंत त्यांतील किती उरली हे तारखेसह नोंदवा. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच गल्लीत पुन्हा मोजा आणि दोन्ही वर्षांचे प्रमाण शेजारी शेजारी मांडा. प्रमाण बदललेले दिसले तर लगेच निवड म्हणू नका. आधी बाहेरून किती कुत्री आली, किती गेली आणि मिटल्या डोळ्यांनी उचललेल्या दहा दाण्यांइतका हा योगायोग असू शकतो का, हे तपासा.